गॉर्डीचा ट्रक आणि नेस्टर

नेस्टर बॉयचुक आमच्या टॉर्व्हिकमध्ये आला तो आर्डिसशी लग्न करून. त्याआधीचं सगळं आयुष्य त्याने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, फेरीबोटीच्या स्वयंपाकघरात काढलं होतं. तिकडे हिवाळा म्हणजे नुसती ओल आणि धुकं. आमच्या सस्कॅचेवान प्रांताचा हिवाळा काय चीज आहे ते त्याला पहिल्याच जानेवारीत समजलं. सकाळी घाईत हातमोजा न घालता त्याने फाटकाची कडी धरली आणि तळव्याची साल कडीवरच राहिली.

माणूस बुटका, गोल चेहऱ्याचा, हसरा. कोणाच्याही घरी गेला की बोलता बोलता स्वयंपाकघरात शिरायचा आणि कांदा चिरायला घ्यायचा. त्याची पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, खाल्ल्यावर चर्चमधल्या बायकांनी आपली करणंच बंद केलं. गावाला तो आवडला होता, यात शंका नाही. पण गावात त्याचं नाव पडलं ते 'आर्डिसचा नवा'. जुना म्हणजे गॉर्डी हॉगेन.

गॉर्डी माझा कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, संघातला जोडीदार. सहा फुटांच्या वर उंची, दार भरून टाकणारे खांदे, आणि हसला की बर्फाच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. बियाणं विकायला तो चार जिल्हे फिरायचा. एका वसंतात, भर दुपारी, शेताच्या बांधावर कोणाशी तरी बोलता बोलता खाली बसला तो उठलाच नाही. आर्डिस पोस्टात काम करायची. आठवड्याने ती परत खिडकीवर हजर झाली. त्याचे कपडे तिने चर्चला दिले, आरामखुर्ची पुतण्याला दिली, शिकारीची बंदूक मला दिली. ठेवल्या दोनच गोष्टी. एक गॉर्डीची आई, थोरा, जी मागच्या खोलीत राहायची आणि नव्वदीकडे झुकलेली होती. दुसरा त्याचा पिकअप ट्रक.

ट्रक ठेवला यात कोणाला काही वाटलं नाही. ट्रकशिवाय आमच्याकडे हिवाळा निघत नाही. आणि गॉर्डीचा ट्रक तर गावात प्रसिद्ध होता. गडद लाल रंगाचा, त्याने कोरा करकरीत घेतलेला. दर शरद ऋतूत तो त्याला खालून तेल मारून घ्यायचा, त्यामुळे रस्त्यावरच्या मिठाने इतरांच्या गाड्यांची चाळण झाली तरी त्याच्या पत्र्यावर गंजाचा ठिपका नव्हता. बाहेर उणे चाळीस असो, पहिल्या चावीला सुरू. खोड एकच होती. बाजूच्या सीटचं दार अडायचं. कडी धरून ते जरा वर उचलायचं आणि कमरेने धक्का द्यायचा, तेव्हा उघडायचं. नेस्टरला ही युक्ती जमेपर्यंत अर्धा हिवाळा गेला.

आता तो ट्रक नेस्टर चालवायचा. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्याकडे रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. एवढाच रामराम. लाल ट्रक दिसला की लोकांचं बोट आपोआप वर जायचं, आणि मग काचेमागे नेस्टरचा चेहरा दिसला की हळूच खाली यायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा नेस्टरने घरी येऊन ते विनोद म्हणून सांगितलं. नंतर सांगणं बंद केलं.

पेट्रोल पंपावर सकाळी आम्हा म्हाताऱ्यांचं कॉफीचं टेबल भरतं. नेस्टर आत आला की कोणीतरी विचारायचं, "काय रे, गॉर्डीचा ट्रक काय म्हणतो?"

"गॉर्डीचा ट्रक मजेत आहे," नेस्टर म्हणायचा. "मीही मजेत आहे, कोणी विचारलं तर."

सगळे हसायचे. तोही हसायचा. पण मी शेजारीच राहतो, आणि बर्फ लोटायला बाहेर पडलो की तो मला दिसायचा. ट्रकमध्ये बसलेला, इंजिन बंद, आणि नजर समोर. गॉर्डीच्या वजनाने चालकाच्या सीटला खड्डा पडला होता. नेस्टर त्यात बसला की लहान मुलासारखा खाली जायचा. त्याने उशी घेतली. थोराने खिडकीतून पाहिलं आणि संध्याकाळी जेवताना म्हणाली, "गॉर्डीला कधी उशी लागली नाही हो."

"गॉर्डीचं बूड माझ्या दुप्पट होतं, आई," नेस्टर म्हणाला.

"होतंच," थोरा म्हणाली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

पण त्याला खरं लागलं ते वेगळंच. आर्डिस ट्रकमध्ये बसली की दर वेळी एक गोष्ट करायची. हातमोजा काढायची आणि सीटच्या कडेवरून, समोरच्या कप्प्यावरून, डॅशबोर्डवरून हळूच हात फिरवायची. बोलत असली तरी हात फिरायचाच. नेस्टरने हे पहिल्या महिन्यातच टिपलं होतं. माझ्या गॅरेजमध्ये स्टूलवर बसून तो मला म्हणाला, "एल्मर, माझ्या पाठीवरून तिने असा हात कधी फिरवला नाही."

मी म्हटलं, "अरे, धूळ पुसत असेल."

"धूळ अशी पुसतात होय?" तो म्हणाला.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने घरात जाहीर केलं की नवा ट्रक घ्यायचाय.

आर्डिस कोबीची पानं उकडत होती. "आहे त्याला काय झालंय?"

"काही नाही झालं."

"मग?"

"मला माझा हवाय."

आर्डिस एक पान उलटत म्हणाली, "घे की. पण तो मोडीत देऊ नकोस. घरात दुसरी गाडी असलेली बरी."

दुसरी गाडी असलेली बरी, यात न पटण्यासारखं काही नव्हतं. पण नेस्टरने त्यातून काढायचा तो अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी तो लाल ट्रकभोवती टेप घेऊन फिरताना मला दिसला. लांबी, रुंदी, हौद्याची खोली, सगळं मोजलं. मी विचारलं, "कशाला रे?"

"माहिती असावी," तो म्हणाला.

ट्रक बघायला तो मला घेऊन गेला, कारण त्याला बोटींची इंजिनं कळायची, पण थंडीतली गाडी कळत नव्हती. आधी आम्ही नव्या गाड्यांच्या दालनात गेलो. विक्रेता पोरगेलासा होता. गरम होणारी सीट दाखवली, गरम होणारं स्टिअरिंग दाखवलं, घरातून बटण दाबून इंजिन कसं सुरू करायचं तेही दाखवलं. नेस्टरचे डोळे चमकत होते. गॉर्डीच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. मग किंमत ऐकली आणि आम्ही दोघांनी बाहेर येऊन एक सँडविच अर्धं अर्धं खाल्लं.

मग गेलो एल्डनच्या जुन्या गाड्यांच्या आवारात. तिथे एक निळसर राखाडी ट्रक उभा होता. चार दारांचा, चारही चाकांना ताकद देणारा, शेजारच्या आल्बर्टा प्रांतातून आलेला, फार न चाललेला. नेस्टर सरळ त्याच्याकडे गेला. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. कोमट लागलं.

"एल्डन," मी म्हटलं, "आम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवलास ना?"

एल्डन म्हणाला, "गिऱ्हाईक थंडीत ताटकळू नये म्हणून केला रे."

"आम्हाला ताटकळायचंय. उद्या सकाळी येतो. रात्री इंजिनाच्या हीटरची वायर लावू नकोस. गारठू दे."

दुसऱ्या दिवशी उणे एकतीस होतं. बॉनेट दगडासारखं गार. मी आडवा होऊन खालचा सांगाडा पाहिला, स्क्रूड्रायव्हरने चाकांवरचा पत्रा टोचून पाहिला. गंज होता, पण वरवरचा. बॅटरी नवी होती. नेस्टरने चावी फिरवली. इंजिन कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं आणि लागलं.

"दुसऱ्या चावीला लागला," नेस्टर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"उणे एकतीसला, वायर न लावता, दुसऱ्या चावीला. चांगली गाडी आहे," मी म्हटलं.

"गॉर्डीची पहिल्या चावीला लागते."

"गॉर्डीची गॅरेजमध्ये झोपते, बाबा."

मग त्याने खिशातून टेप काढला. एल्डन बघतच राहिला. नेस्टरने पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत मोजलं आणि उठला तेव्हा गाल लाल झाले होते, थंडीनेच नव्हे. हा ट्रक गॉर्डीच्या ट्रकपेक्षा वीतभर लांब होता.

"हाच," तो म्हणाला.

घरी आणला तेव्हा आर्डिस बाहेर आली, फेरी मारून पाहिला, "छान आहे की," म्हणाली. थोरानेही खिडकीतून पाहिलं. "पांढरा नाही घेतलास ते बरं केलंस. पांढरा बर्फात सापडत नाही." नेस्टरच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता. त्याने दिमाखात गॅरेजचं दार वर केलं, लाल ट्रक बाहेर काढला, आपला आत घातला आणि दाराचं बटण दाबलं. दार खाली आलं, त्याच्या मागच्या बंपरवर टेकलं आणि पुन्हा वर गेलं.

गॅरेज गॉर्डीने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. आपल्या ट्रकच्या मापाने. वीतभरही जास्त जागा त्याने सोडली नव्हती. नेस्टरने ट्रक मोजला होता, गॅरेज नव्हतं मोजलं.

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी एकच देखावा पाहिला. गॅरेजमध्ये गॉर्डीचा लाल ट्रक उबेत, कोरडा, आरामात. आणि बाहेर नेस्टर, पापण्यांवर बर्फ साचलेला, काच खरवडतोय, वायर भिंतीतून ओढतोय, इंजिनाला वारा लागू नये म्हणून जाळीपुढे पुठ्ठा अडकवतोय. कॉफीच्या टेबलावर तर बहारच आली. "नेस्टर, मेलेल्याला आत ठेवलंस आणि स्वतः बाहेर झोपलास होय रे?" असं कोणीतरी म्हणालं. हसता हसता एकाचा कप सांडला. नेस्टर उठून गेला. चार दिवस टेबलावर आला नाही.

पाचव्या दिवशी त्याने आर्डिसला म्हटलं, "मी लाल ट्रक विकतोय."

त्याला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, निदान कारण तरी विचारेल. ती कपडे घड्या करत होती. घडी पुरी करून म्हणाली, "वीक."

बघायला येणाऱ्यांची रांग लागली. पण प्रत्येक जण आला तो ट्रक घ्यायला कमी आणि गॉर्डीबद्दल बोलायला जास्त. एकाला त्याने खड्ड्यातून ओढून काढलं होतं. एकाच्या लग्नाची बाजाची पेटी याच हौद्यातून गेली होती. नेस्टर सगळ्यांना कॉफी द्यायचा, ऐकायचा आणि गेल्यावर मला म्हणायचा, "एल्मर, या माणसाने आयुष्यात एकदाही कोणाचं वाईट केलं नाही का रे?"

मग एका शनिवारी शेजारच्या जिल्ह्यातल्या क्लेअरबॉर्नहून एक बाई आली. जिनेट नाव. पन्नाशीची, केस आखूड, तिकडे एक छोटं उपाहारगृह चालवायची. एक मैत्रीण तिला गाडीने सोडून परत गेली. मी माझ्या अंगणात बर्फ लोटत होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं.

नेस्टरने लाल ट्रक बाहेर काढून ठेवला होता. जिनेट चालकाच्या बाजूला गेलीच नाही. ती पुढून वळसा घालून पलीकडे गेली. नेस्टर सांगायला म्हणून निघाला, "ते दार जरा..." तेवढ्यात तिने कडी धरली, दार वर उचललं, कमरेचा धक्का दिला आणि आत बसली. एकाच झटक्यात, जशी रोजची सवय असावी. बसली आणि समोर पाहत राहिली.

नेस्टर तिथेच थांबला. मग त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आर्डिस खिडकीत उभी होती.

ती बाहेर आली ती कोट न घालता, घरातल्या सपाता घालून. बर्फ करकरत होता. ट्रकजवळ येऊन थांबली. जिनेट खाली उतरली.

"दार बरं उघडलंस गं," आर्डिस म्हणाली.

जिनेटने मान खाली घातली नाही. "विकायचाय असं वाचलं म्हणून आले. मला द्यायचा नसेल तर जाते."

"द्यायचाय ना. नेस्टर, चावी दे तिला."

"अगं, आपण अजून काही ठरवलं..."

"चावी दे म्हटलं ना."

नेस्टरने चावी दिली. जिनेटने पिशवीतून पैशांचं पाकीट काढलं, तेव्हा आर्डिस म्हणाली, "ते त्याच्याकडे दे. मला नको." आणि मग, जाण्यासाठी वळल्यावर, "खालून दरवर्षी तेल मारून घे. नाहीतर सडेल."

"माहितीये," जिनेट म्हणाली.

त्या एका शब्दाने आर्डिसचा चेहरा जसा झाला तसा मी गॉर्डीच्या दफनाच्या दिवशीही पाहिला नव्हता. ती घरात गेली. लाल ट्रक पहिल्या चावीला सुरू झाला आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला.

पुढे घरात काय झालं ते मला नेस्टरने सांगितलं. आर्डिस टेबलाशी बसली होती, पाय लालबुंद झालेले. नेस्टरने घमेल्यात कोमट पाणी आणलं, तिचे पाय त्यात ठेवले आणि खालीच बसून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कोणीतरी आहे हे माहीत होतं. अशी दिसते हे आज कळलं."

"मग त्या ट्रकला एवढं जपायचीस कशाला? बसलीस की हात फिरवायचीस त्याच्यावरून."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. "हात फिरवत नव्हते रे. शोधत होते. केस, पिन, कानातलं. तो फिरतीवरून आला की मी काहीतरी निमित्त काढून ट्रकमध्ये जाऊन बसायची आणि चाचपायची. वर्षानुवर्षं. एकदा एक जांभळं बटण सापडलं. माझ्याकडे जांभळं काहीच नव्हतं."

"पण तो गेला. तरी?"

"हाताला कोण सांगणार तो गेला म्हणून."

मागच्या खोलीच्या दारात थोरा काठी टेकून उभी होती. कधीपासून, कोण जाणे. "कोणाला दिला ट्रक?" तिने विचारलं.

"क्लेअरबॉर्नच्या बाईला," नेस्टर म्हणाला.

 थोरा सावकाश येऊन आर्डिसच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "कॉफी टाक रे. आम्हा दोघींना."

तुम्हाला वाटेल, आता नेस्टरची जळजळ शांत झाली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी गॅरेजची मागची भिंत कापली आणि ट्रकचं नाक मावेल एवढी पेटीसारखी जागा बाहेर वाढवली. आत ट्रक गेला, दार खाली टेकलं. मी म्हटलं, "झालं तुझ्या मनासारखं."

तो खिळे डब्यात टाकत होता. "एल्मर, आधी मी एका चांगल्या माणसावर जळत होतो. त्यात एक समाधान तरी होतं. आता कळलं की तो तसला होता. आणि तशा माणसासाठी ही बाई वर्षानुवर्षं सीटवर पिना शोधत बसली. मेल्यावरसुद्धा. मी तिला पेरोगी करून घालतो, पाय शेकतो. माझ्यासाठी ती काय शोधणार? मी संध्याकाळी कुठे होतो हे तिने एकदाही विचारलेलं नाही."

"विचारायला तू जातोस कुठे?"

"तेच तर," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

त्याने तिलाही हे विचारलं होतं म्हणे, माझ्यापायी कधी कोणावर जळशील का म्हणून. आर्डिस हसली होती. "कोणावर जळू? पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्यांवर?" त्या हसण्याने तो आठवडाभर दुखावलेला होता.

पुढच्या हिवाळ्यात थोराचा पाय सुजला. जिल्ह्याच्या दवाखान्यातून पट्टी बदलायला एक नर्स येऊ लागली. कॅरोलाइन तिचं नाव, नवीच बदली होऊन आलेली, उंच, मोकळ्या हसण्याची. एका दुपारी गावाबाहेर तिची छोटी गाडी बर्फाच्या ढिगात रुतली. नेस्टर तिकडून येत होता. त्याने पट्टा लावून ओढून पाहिली, निघेना. मग तिला ट्रकमध्ये बसवलं, हीटर वाढवला आणि गावात आणलं. वाटेत ती कशाला तरी हसत होती. नेमका ट्रक पोस्टासमोरून गेला, आणि नेमकी आर्डिस खिडकीवर होती.

संध्याकाळी जेवताना आर्डिस घास घेईना. मटार ताटात एकीकडून दुसरीकडे सरकवत राहिली. नेस्टरला काही समजेना. त्याने विचारलं, "पोस्टात काही झालं का?"

"नाही."

"डोकं दुखतंय?"

"नाही." मग ताटाकडे पाहत, "फार हसत होती ती."

नेस्टर मला सांगताना म्हणाला की घास त्याच्या हातातच राहिला. पहिल्यांदा त्याला वाटलं, लगेच सांगून टाकावं, नर्स आहे, गाडी रुतली होती. तोंड उघडलंही. आणि मग त्याने तोंड मिटलं, आणखी एक मोठा चमचा बटाटे वाढून घेतले आणि सावकाश खाल्ले. थोरा त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"कोण होती?" आर्डिसने विचारलं.

"कोण?"

"नेस्टर."

"माझ्या पायाची नर्स गं ती," थोरा म्हणाली. "गाडी रुतली तिची. मला फोन करून सांगितलं तिने, उशीर होतोय म्हणून. आणि तू रे, बटाटे किती खाशील?"

आर्डिसचे कान लाल झाले. तिने ताटं उचलली, मोरीत ठेवली आणि पाठमोरीच म्हणाली, "उद्या तिला आणायचं असेल ना?"

"गाडी बर्फातून निघेपर्यंत आणावं लागेल."

"मग मीच जाते. चावी टेबलावर ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभा होतो तेव्हा राखाडी ट्रक गॅरेजमधून मागे येताना दिसला. चालकाच्या जागी आर्डिस होती, सीट पुढे ओढून, पाठ ताठ. तिला तो ट्रक आधी कधी चालवताना मी पाहिलं नव्हतं. वळताना तिने माझ्या बर्फाच्या ढिगाचा एक कोपरा उडवला. नेस्टर अंगणात उभा राहून तिच्याकडे बघत होता, टोपी न घालता. मी ओरडलो, "अरे, कान गळून पडतील." त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ट्रक दिसेनासा झाल्यावरही तो बराच वेळ तिथेच उभा होता.